‘किती’, ‘थोडे’, ‘काही’, ‘सगळे’ इंग्रजीत कसे म्हणायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत ‘खूप’ हा एकच शब्द पाण्याला, माणसांना आणि पैशांनाही चालतो. इंग्रजीत तसे नाही. तिथे आधी पुढचे नाम कोणत्या जातीचे आहे ते पाहायचे आणि मग शब्द निवडायचा. हा क्रम उलटा झाला की चूक ठरलेली. खाली इंग्रजी वाक्ये उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘किती’ला ‘हाउ मच’ म्हणायचे की ‘हाउ मेनी’?

वस्तू एक, दोन, तीन अशी मोजता येत असेल तर ‘हाउ मेनी’, आणि नाम अनेकवचनात: ‘हाउ मेनी चेअर्स’, ‘हाउ मेनी स्टुडंट्स’. मोजता येत नसेल तर ‘हाउ मच’, आणि नाम एकवचनात: ‘हाउ मच वॉटर’, ‘हाउ मच शुगर’.

‘टाइम’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. ‘हाउ मच टाइम’ म्हणजे किती वेळ, ‘हाउ मेनी टाइम्स’ म्हणजे किती वेळा. मराठीत हा फरक एका कान्याने होतो, इंग्रजीत मच-मेनीने आणि शेवटच्या ‘एस’ने.

भाव विचारताना मात्र नेहमी ‘हाउ मच’. कांदे मोजता येतात, तरी ‘हाउ मच आर द अनियन्स?’ असेच विचारायचे, कारण विचारणा कांद्यांच्या संख्येची नाही, पैशांची आहे. क्रियापद ‘आर’ आले ते कांद्यांमुळे.

२. पैसे तर आपण रोज मोजतो. मग ‘मनी’ मोजता न येणारे नाम कसे?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि तो रास्त आहे. इंग्रजीत मोजले जातात ते रुपये, नोटा, नाणी: ‘हाउ मेनी रुपीज’, ‘हाउ मेनी नोट्स’, ‘हाउ मेनी कॉइन्स’. ‘मनी’ हे त्या सगळ्याचे एकत्रित नाव. ‘वन मनी, थ्री मनीज’ असे कोणी म्हणत नाही, म्हणून ‘हाउ मच मनी’.

आपला गोंधळ होतो कारण मराठीत ‘पैसे’ अनेकवचनी आहे. ‘केस’ही तसेच आणि ‘तांदूळ’ही, कारण आपण तांदूळ ‘निवडले’ म्हणतो. इंग्रजीत हे तिन्ही एकवचनी: ‘द मनी इज ऑन द टेबल’, ‘हर हेअर इज लाँग’, ‘द राइस इज रेडी’. ‘हेअर्स आर लाँग’ ही चूक इथूनच येते. जेवणात केस सापडला तर तो एक सुटा केस, तेव्हा ‘अ हेअर इन द फूड’ बरोबर.

ओळखायला मराठीतच एक चांगली खूण आहे: ‘अनेक’ हा शब्द. ‘खूप’ कुठेही चालतो, पण ‘अनेक’ मोजता येणाऱ्या गोष्टींनाच लागतो. अनेक खुर्च्या, अनेक मुले, अनेक शहरे बरोबर वाटतात. अनेक पाणी, अनेक सामान, अनेक माहिती, अनेक फर्निचर असे आपण म्हणत नाही. आणि ‘अनेक पैसे’ही म्हणत नाही! म्हणजे नामाआधी ‘अनेक’ लावून पाहायचे. कानाला खटकले तर ‘मच’, नाही खटकले तर ‘मेनी’. ‘सामाने’ असा शब्द आपल्या तोंडी नाही, तसाच इंग्रजीत ‘लगेजेस’ नाही.

ही खूण थोड्या ठिकाणी फसवते आणि तेवढी नावे पाठच करावीत. अनेक सल्ले, अनेक बातम्या, अनेक पुरावे, अनेक उपकरणे हे मराठीत बरोबर आहे, पण ‘ॲडव्हाइस’, ‘न्यूज’, ‘एव्हिडन्स’, ‘इक्विपमेंट’ इंग्रजीत मोजता येत नाहीत. ‘होमवर्क’, ‘ब्रेड’, ‘मशिनरी’, ‘सीनरी’, ‘ट्रॅफिक’ हेही तसेच. ‘न्यूज’च्या शेवटी ‘एस’ आहे तरी ‘द न्यूज इज गुड’ असेच म्हणायचे. ‘वर्क’ म्हणजे काम हे मोजता येत नाही. ‘वर्क्स’ म्हटले की ते कलाकाराच्या कृतींबद्दल किंवा कारखान्याबद्दल होते. ‘आय हॅव मेनी वर्क्स’ऐवजी ‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क’.

३. मग ‘दोन सल्ले’, ‘तीन बातम्या’ असे सांगायचे असेल तर?

मध्ये मोजता येणारा शब्द घालायचा आणि अनेकवचन त्याचे करायचे. ‘थ्री पीसेस ऑफ ॲडव्हाइस’, ‘फोर न्यूज आयटम्स’, ‘थ्री पीसेस ऑफ फर्निचर’, ‘थ्री स्लाइसेस ऑफ ब्रेड’, ‘अ ग्रेन ऑफ राइस’. नग सांगायचा नसेल तर ‘सम ॲडव्हाइस’ पुरते. ‘ॲन ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइसेस’ दोन्ही चूक.

हॉटेलात ‘थ्री टीज, प्लीज’ चालते. तिथे ‘टी’ म्हणजे एक कप. तसेच प्रकार मोजताना ‘थ्री चीझेस’ म्हणजे तीन तऱ्हांचे चीज.

उलटाही प्रकार आहे. चष्मा आणि कात्री मराठीत एकवचनी, इंग्रजीत ‘ग्लासेस’ आणि ‘सिझर्स’ कायम अनेकवचनी: ‘माय ग्लासेस आर ब्रोकन’. तीन चष्मे म्हणजे ‘थ्री पेअर्स ऑफ ग्लासेस’. नुसते ‘थ्री ग्लासेस’ म्हटले तर समोरचा पाण्याचे पेले आणून देईल.

४. ‘कितवा’ला इंग्रजीत शब्द आहे का? आणि ‘किती वाजता’, ‘किती लांब’?

‘कितवा’ला एका शब्दात उत्तर नाही. ‘हाउ मेनिएथ’ असा शब्द प्रमाण इंग्रजीत धरत नाहीत, परीक्षेत तर अजिबात लिहू नये. प्रश्नच बदलायचा. कितव्या मजल्यावर राहता? ‘व्हिच फ्लोअर डू यू लिव्ह ऑन?’ कितवीत आहेस? ‘व्हॉट क्लास आर यू इन?’ परीक्षेत कितवा आलास? ‘व्हॉट वॉज युअर रँक?’ भावंडांत कितवा? ‘आर यू द एल्डेस्ट?’ असे विचारावे, नाहीतर समोरच्याकडूनच ‘आय ॲम द थर्ड ऑफ फोर’ असे येऊ द्यावे.

‘किती’ प्रत्येक वेळी मच किंवा मेनी नसतो. किती वाजता म्हणजे ‘व्हॉट टाइम’, किती वर्षांचा म्हणजे ‘हाउ ओल्ड’, किती लांब म्हणजे ‘हाउ फार’, किती वेळ लागेल म्हणजे बहुधा ‘हाउ लाँग’, किती टक्के म्हणजे ‘व्हॉट पर्सेंटेज’.

५. ‘आय हॅव मच मनी’ यात व्याकरणाची चूक नाही, तरी लोक खटकते म्हणतात. का?

साध्या होकारी वाक्यात बोलताना ‘मच’ जवळजवळ वापरत नाहीत. तिथे ‘अ लॉट ऑफ’: ‘आय हॅव अ लॉट ऑफ मनी’. ‘मच’ची खरी जागा नकारात आणि प्रश्नात: ‘आय डोन्ट हॅव मच मनी’, ‘इज देअर मच ट्रॅफिक?’ मराठीतला ‘फारसा’ आठवा. ‘माझ्याकडे फारसे पैसे नाहीत’ म्हणतो, पण ‘माझ्याकडे फारसे पैसे आहेत’ असे कोणी म्हणत नाही. ‘मच’चा स्वभाव बराचसा तसाच.

‘सो मच’, ‘टू मच’, ‘ॲज मच ॲज’ हे होकारात सहज चालतात. औपचारिक लेखनातही ‘मच’ येतो. ‘मेनी’वर एवढे बंधन नाही. ‘मेनी पीपल थिंक’ हे लिहायला अगदी योग्य.

६. ‘अ लॉट ऑफ’नंतर ‘इज’ की ‘आर’? ‘लॉट्स ऑफ’, ‘प्लेंटी ऑफ’चे काय?

पुढचे नाम पाहायचे. ‘अ लॉट ऑफ वॉटर इज वेस्टेड’, ‘अ लॉट ऑफ पीपल आर वेटिंग’. ‘लॉट्स ऑफ’ आणि ‘प्लेंटी ऑफ’लाही हाच नियम. ‘लॉट्स ऑफ’ घरगुती बोलण्यातला आहे, अर्जात नको. ‘अ लॉट’ हे दोन सुटे शब्द आहेत, जोडून लिहू नयेत. दोन ‘एल’ घालून लिहिला तर ‘वाटून देणे’ या अर्थाचा वेगळाच शब्द होतो.

‘सेव्हरल’ फक्त मोजता येणाऱ्या नामांना, ‘अ ग्रेट डील ऑफ’ फक्त न मोजता येणाऱ्यांना. ‘अ नंबर ऑफ’बद्दल प्रश्न १५ पाहा.

७. ‘सम’ होकारात आणि ‘एनी’ नकारात व प्रश्नात, एवढे शिकवले जाते. तेवढे पुरते का?

सुरुवातीला पुरते. ‘आय बॉट सम मँगोज’, ‘आय डिड नॉट बाय एनी मँगोज’, ‘डिड यू बाय एनी मँगोज?’ पण खरा आधार वाक्याच्या आकारापेक्षा बोलणाऱ्याच्या मनातल्या अपेक्षेत असतो. उत्तर ‘हो’ येणार असे धरून विचारले तर प्रश्नातही ‘सम’. पाहुण्याला चहा विचारताना ‘वुड यू लाइक सम टी?’ म्हणायचे. ‘एनी टी?’ विचारले तर आग्रहाचा सूर कमी होतो. मागतानाही ‘कॅन आय हॅव सम वॉटर?’

होकारी वाक्यात ‘एनी’ आला तर त्याचा अर्थ ‘कोणताही’: ‘यू कॅन टेक एनी बस’. ‘विदाउट’, ‘हार्डली’, ‘नेव्हर’ या शब्दांत नकार दडलेला असतो, म्हणून त्यांच्यासोबत ‘एनी’: ‘ही केम विदाउट एनी मनी’. ‘इफ’नंतरही बहुधा ‘एनी’.

‘सम’चा आणखी एक उपयोग आपल्याला सहज कळेल असा आहे. ‘वीसेक माणसे’ म्हणतो त्यातला शेवटचा ‘एक’ म्हणजे ‘सम ट्वेंटी पीपल’. रोजच्या बोलण्यात ‘अबाउट ट्वेंटी पीपल’ जास्त ऐकू येते.

८. ‘कोणीच आले नाही’ला ‘नोबडी डिड नॉट कम’ का चूक?

मराठीत ‘कोणीच’, ‘काहीच’ हे शब्द क्रियापदातला ‘नाही’ सोबत घेऊनच येतात. प्रमाण इंग्रजीत नकार एकदाच. ‘नोबडी’मध्ये तो आधीच आहे, म्हणून ‘नोबडी केम’. तसेच ‘आय हॅव नथिंग’ किंवा ‘आय डोन्ट हॅव एनिथिंग’, पण ‘आय डोन्ट हॅव नथिंग’ नको.

‘देअर इज नो एनी प्रॉब्लेम’ हे कार्यालयीन ईमेलमध्ये फार दिसते. ‘नो’ म्हणजेच ‘नॉट एनी’. दोन्ही एकत्र कधीच येत नाहीत. ‘देअर इज नो प्रॉब्लेम’ किंवा ‘देअर इजन्ट एनी प्रॉब्लेम’.

९. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’, ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांत एका ‘अ’ने एवढा काय फरक पडतो?

अर्थ उलटतो. ‘आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स इन नागपूर’ म्हणजे नागपुरात माझे काही मित्र आहेत, राहायची सोय होईल. ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स इन नागपूर’ म्हणजे नागपुरात माझे फारसे मित्र नाहीत. ‘लिटल’चे तसेच, फक्त ते न मोजता येणाऱ्या नामांना. ‘देअर इज अ लिटल मिल्क’: थोडे दूध आहे, चहा होईल. ‘देअर इज लिटल मिल्क’: दूध फारसे नाही, आणायला लागेल.

मराठीत हेच काम ‘च’ करतो. ‘थोडे दूध आहे’ आणि ‘थोडेच दूध आहे’ यांत जो फरक, तोच इथे. फक्त मराठीत कमतरता दाखवायला ‘च’ जोडावा लागतो आणि इंग्रजीत त्यासाठी ‘अ’ काढावा लागतो. म्हणून मनात वाक्य आधी मराठीत म्हणा. ‘थोडेच’, ‘मोजकेच’, ‘फारसे नाही’ असे येत असेल तर ‘अ’ नको. ‘थोडे’, ‘काही’, ‘चार-दोन’ असे येत असेल तर ‘अ’ हवाच.

या चुकीमुळे कामे कशी अडतात ते पाहा. एखाद्या प्रस्तावासोबतचे काही कागद आलेले नाहीत. कर्मचारी लिहितो: ‘फ्यू डॉक्युमेंट्स आर मिसिंग’. त्याला म्हणायचे आहे ‘काही कागद कमी आहेत, पाठवा’. वाचणाऱ्याला कळते ‘फारसे कागद कमी नाहीत’, आणि तो निवांत राहतो. ‘अ फ्यू डॉक्युमेंट्स आर मिसिंग’ लिहिले असते तर कागद वेळेत आले असते. वर्गात शेवटी हात वर करून ‘आय हॅव फ्यू डाउट्स’ म्हणणारा विद्यार्थीही नकळत ‘मला फारशा शंका नाहीत’ असेच सांगत असतो. (शिवाय ‘डाउट’मध्ये अविश्वासाची छटा आहे. ‘आय हॅव अ फ्यू क्वेश्चन्स’ म्हणणे चांगले.)

स्पर्धा परीक्षेतल्या गाळलेल्या जागा भरताना वाक्याचा दुसरा अर्धा भाग वाचल्याशिवाय उत्तर देऊ नका. ‘सो वी कुड नॉट फिनिश’ अशी कमतरता पुढे असेल तर ‘लिटल टाइम’. ‘सो लेट अस हॅव टी’ असेल तर ‘अ लिटल टाइम’.

बोलताना नुसते ‘फ्यू’, ‘लिटल’ जरा पुस्तकी वाटतात. ‘नॉट मेनी’, ‘नॉट मच’, ‘ओन्ली अ फ्यू’ म्हणावे. त्यात घोटाळ्याला जागाच राहत नाही.

१०. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे थोडे की पुष्कळ?

पुष्कळ. ‘क्वाइट अ फ्यू पीपल केम’ म्हणजे बरीच माणसे आली. शब्दशः अर्थ लावला तर नेमका उलटा होतो. ‘ओन्ली अ फ्यू’ आणि ‘व्हेरी फ्यू’ म्हणजे मोजकेच. ‘व्हेरी अ फ्यू’ असे होत नाही.

११. ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ यांत काय पाळायचे?

मोजता येणाऱ्यांना ‘फ्यूअर’, न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’: ‘फ्यूअर स्टुडंट्स’, ‘लेस नॉइज’. परीक्षेत आणि औपचारिक लेखनात हे काटेकोर पाळा. बोलण्यात इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही ‘लेस पीपल’ म्हणतात. हा फरक करावा असे १७७० मध्ये इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर यांनी आवड म्हणून लिहिले होते. पुढे शाळांनी त्याचा नियम केला. ब्रिटनच्या दुकानांतल्या ‘टेन आयटम्स ऑर लेस’ या पाट्यांवरून इतकी चर्चा झाली की टेस्को या तिथल्या मोठ्या दुकानसाखळीने २००८ मध्ये शब्द बदलून ‘अप टू टेन आयटम्स’ केले.

अंतर, वेळ, रक्कम आणि वजन यांना मात्र आकडा असला तरी ‘लेस’: ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’, ‘लेस दॅन फिफ्टी रुपीज’. इथे आपण एकेक किलोमीटर मोजत नाही, सलग अंतर सांगतो. त्याच कारणाने ‘फाइव्ह किलोमीटर्स इज टू फार’, ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ’ यांत क्रियापद एकवचनी येते.

१२. ‘मोस्ट ऑफ द पीपल’ की ‘मोस्ट पीपल’? ‘ऑफ’ कधी घालायचा?

ही एक युक्ती नीट कळली तर ‘सम’, ‘मेनी’, ‘फ्यू’, ‘मोस्ट’, ‘ईच’ या सगळ्यांचे काम होते. ‘ऑफ’ घातला की त्यानंतर ठरावीक गट दाखवणारा शब्द हवा: ‘द’, ‘दीज’, ‘माय’ किंवा ‘देम’, ‘अस’ यांसारखे सर्वनाम. ठरावीक गट नसेल तर ‘ऑफ’ नको.

‘मोस्ट पीपल लाइक मँगोज’: बहुतेक माणसांना, जगातल्या. ‘मोस्ट ऑफ द पीपल इन धिस बिल्डिंग’: या इमारतीतल्या बहुतेकांना. ‘मोस्ट ऑफ पीपल’ ही दोन्हींची खिचडी आहे, ती चूक. मराठीत ‘मुलांपैकी’ असे ‘पैकी’ लावता येत असेल तिथे ‘ऑफ द’ येतो.

‘पैकी’नंतर एकच माणूस निवडला तरी गट अनेकांचाच असतो. म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड्स इज अ डॉक्टर’. नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ ही इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांच्याही तोंडी बसलेली चूक आहे.

जाता जाता: ‘मी मोस्टली येईन’ हे आता मराठीतच रुळले आहे, पण इंग्रजीत ‘मोस्टली’ म्हणजे ‘बहुतांशी, बहुतेक वेळा’. ‘बहुतेक येईन’ला ‘आय विल प्रॉबब्ली कम’.

१३. ‘ईच’ आणि ‘एव्हरी’ यांत फरक काय? ‘सगळ्यांना दोन-दोन पेढे’ कसे सांगायचे?

दोन्हींनंतर नाम आणि क्रियापद एकवचनी, आपल्या ‘प्रत्येक’सारखेच: ‘एव्हरी स्टुडंट हॅज अ बुक’. ‘एव्हरी स्टुडंट्स’ नको. ‘ईच’मध्ये एकेकाकडे वेगळे पाहणे असते आणि तो दोघांनाही चालतो. ‘एव्हरी’ला किमान तीन हवेत. ‘ऑलमोस्ट’ फक्त ‘एव्हरी’ला लागतो. ‘ईच ऑफ द बॉइज’ होते, पण ‘एव्हरी ऑफ द बॉइज’ होत नाही. तिथे ‘एव्हरी वन ऑफ द बॉइज’, आणि ‘एव्हरी वन’ सुटे.

‘एव्हरी’नंतर अनेकवचन येण्याची एकच जागा आहे: दर इतक्या अंतराने. ‘एव्हरी टेन मिनिट्स’ म्हणजे दर दहा मिनिटांनी.

पेढ्यांचे उत्तर: ‘आय गेव्ह देम टू पेढाज ईच’. मराठीत शब्द दोनदा म्हटला की वाटणी कळते: दोन-दोन, एकेक, थोडे-थोडे. इंग्रजीत आकडा दोनदा येत नाही, ते काम शेवटचा ‘ईच’ करतो. ‘सगळ्यांना थोडे-थोडे पाणी दे’ला ‘गिव्ह देम अ लिटल वॉटर ईच’.

१४. ‘दोघेही आले नाहीत’ला ‘बोथ डिड नॉट कम’ म्हणालो तर?

ऐकणारा गोंधळतो, कारण दोघांपैकी एक आला असेल असाही अर्थ निघतो. ‘नायदर ऑफ देम केम’ म्हणा. ‘बोथ’ होकारासाठी ठेवावा. ‘दोघांपैकी कोणीही चालेल’ला ‘आयदर ऑफ देम विल डू’.

‘ऑल’चा घोळ याच जातीचा आहे. ‘ऑल द स्टुडंट्स डिड नॉट पास’ याचा अर्थ कोणीच पास झाले नाही, की काही झाले काही नाही? एकही नाही तर ‘नन ऑफ द स्टुडंट्स पास्ड’. काही झाले असतील तर ‘नॉट ऑल द स्टुडंट्स पास्ड’. मराठीत ‘सगळेच पास झाले नाहीत’ हे वाक्यही असेच दोन्हीकडे झुकते. म्हणून निकाल कळवताना जपून.

१५. ‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’ यांना क्रियापद वेगळे का?

‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲबसेंट’: बरेच विद्यार्थी गैरहजर आहेत. बोलणे विद्यार्थ्यांबद्दल, म्हणून ‘आर’. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज राइजिंग’: विद्यार्थ्यांची संख्या वाढते आहे. बोलणे संख्येबद्दल, म्हणून ‘इज’.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांना आयईएलटीएसच्या अकॅडमिक लेखन परीक्षेत पहिल्याच प्रश्नात याची गरज पडते. तिथे आलेख किंवा तक्त्याचे वर्णन किमान १५० शब्दांत करायचे असते आणि त्यासाठी सुमारे २० मिनिटे सुचवलेली असतात. जवळपास प्रत्येक वाक्यात संख्या किंवा प्रमाण येते. माणसे, गाड्या, घरे यांना ‘द नंबर ऑफ’. पाणी, वीज, कचरा यांना ‘द अमाउंट ऑफ’. ‘द अमाउंट ऑफ पीपल’ लिहिले की गुण जाण्याची शक्यता असते, कारण व्याकरणाची अचूकता हा तिथल्या चार निकषांपैकी एकाचा भाग आहे.

१६. ‘पिक्चर टू गुड होता’ म्हणतो. ‘टू’ म्हणजे खूप ना?

नाही. ‘टू’ म्हणजे ‘नको इतके’, ‘अति’. ‘द टी इज टू हॉट’ म्हणजे इतका गरम की पिता येत नाही. स्तुतीला ‘व्हेरी गुड’ किंवा ‘रिअली गुड’. कोणी ‘शी इज टू ब्यूटिफुल’ म्हटले तर ऐकणारा ‘कशासाठी टू?’ म्हणून पुढचे वाक्य ऐकायला थांबतो.

नामाआधी ‘टू मच शुगर’, ‘टू मेनी पीपल’. विशेषणाआधी नुसता ‘टू’. ‘टू मच हॉट’ नको. ‘मच टू हॉट’ चालते, पण शब्दांचा क्रम पाहा.

‘इनफ’ची जागाही लक्षात ठेवा: नामाआधी, पण विशेषणानंतर. ‘इनफ मनी’, पण ‘ओल्ड इनफ’.

१७. पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि लाख, डझन?

मराठीत यांना सुटे शब्द आहेत, इंग्रजीत जोडून सांगावे लागते. पाऊण तास म्हणजे ‘थ्री क्वार्टर्स ऑफ ॲन अवर’ किंवा सरळ ‘फॉर्टी-फाइव्ह मिनिट्स’. सव्वा तास म्हणजे ‘ॲन अवर अँड अ क्वार्टर’. दीड तास म्हणजे ‘वन अँड अ हाफ अवर्स’, नाम अनेकवचनात, किंवा ‘ॲन अवर अँड अ हाफ’, इथे ‘अवर’ एकवचनात. ‘वन अँड हाफ अवर’मध्ये ‘अ’ही गळतो आणि ‘एस’ही.

आकडा सांगितला की ‘डझन’, ‘हंड्रेड’, ‘थाउजंड’, ‘मिलियन’ यांना ‘एस’ नाही: ‘थ्री डझन बनानाज’, ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज’. आकडा नसेल तर ‘एस’ आणि ‘ऑफ’: ‘डझन्स ऑफ बनानाज’, ‘हंड्रेड्स ऑफ पीपल’. ‘लाख’, ‘कोटी’ भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत चालतात. परदेशी वाचकासाठी लिहिताना १० लाख म्हणजे १ मिलियन आणि १ कोटी म्हणजे १० मिलियन असे करून द्यावे.

१८. ‘नन’नंतर ‘इज’ की ‘आर’? ‘मेनी अ’ आणि ‘मोअर दॅन वन’ यांचे काय?

‘नन ऑफ द वॉटर इज क्लीन’ यात दुसरा पर्याय नाही, कारण पाणी मोजता येत नाही. ‘नन ऑफ द बॉइज’नंतर ‘इज’ आणि ‘आर’ दोन्ही मान्य आहेत. जुन्या वळणाच्या परीक्षेत ‘इज’ लिहिलेले बरे.

‘मेनी अ’ अर्थाने अनेक पण व्याकरणाने एकवचनी: ‘मेनी अ स्टुडंट हॅज फेल्ड हिअर’. बोलण्यात तो आता फारसा नाही, प्रश्नपत्रिकेत मात्र भेटतो. ‘मोअर दॅन वन’लाही क्रियापद एकवचनी, कारण त्याच्या शेजारी ‘वन’ आहे: ‘मोअर दॅन वन स्टुडंट वॉज लेट’. पण ‘मोअर स्टुडंट्स दॅन वन’ अशी रचना केली की ‘वेअर’.